मार्शल लॉमधले सोलापूर : चार नावांपलीकडे

सोलापूरच्या मार्शल लॉचा विषय निघाला की चार नावे ओठांवर येतात : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली. त्यांचे पुतळे हा या शहराचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण १२ मे ते ३० जून १९३० या काळात लष्कराच्या हुकमाखाली सगळे शहर होते. ज्यांना फाशी झाली नाही, कैदही झाली नाही, जे नुसते जीव मुठीत धरून राहिले, त्यांनी काय सोसले हे लिहून ठेवणे स्मारकाइतकेच मोलाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. ८ मेच्या गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण गेला, जमाव खवळला, दोन पोलीस मारले गेले, कोर्टाला आग लागली. मग लष्कर आले. तिरंगा हा गुन्हा ठरला, गांधी टोपी डोक्यावरून उतरवली जाऊ लागली, ‘कर्मयोगी’ या वृत्तपत्राच्या संपादकांना शिक्षा झाली. एवढे पुस्तकांत सापडते. पण पाळीला निघालेला कामगार टोपी घरी ठेवून गेला की खिशात घालून? त्याच्या पगारात घर कसे चालले? पेठेतली बाई पाण्याला कधी बाहेर पडत होती? आणि ज्या सेटलमेंटमध्ये ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना एरवीही रोज हजेरी द्यावी लागे, तिथल्या माणसांना या राजवटीचे नवल तरी वाटले असेल का? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

अशी नोंद करता येते, हे पंजाबने दाखवले आहे. १९१९च्या मार्शल लॉनंतर काँग्रेसने नेमलेल्या समितीत गांधीजींबरोबर आपले मुकुंदराव जयकरही होते. समितीने सतराशेहून अधिक साक्षी तपासल्या आणि त्यांतल्या सुमारे साडेसहाशे छापल्या. अमृतसरच्या एका गल्लीत लोकांना पोटावर सरपटायला लावले होते. त्या अपमानाचा तपशील आज आपल्याला कळतो, कारण तिथल्या रहिवाशांचे म्हणणे वेळीच कागदावर आले. १९३०च्या मे महिन्यात मात्र अशी समिती नेमू शकणारे अनेक पुढारी स्वतःच तुरुंगात होते. सोलापूरच्या शिक्षांचा प्रश्न पुढे मुंबई हायकोर्टात गेला आणि ‘चनप्पा शांतिरप्पा विरुद्ध एम्परर’ हा निकाल कायद्याच्या पुस्तकांत आला. मार्शल लॉच्या मर्यादा शिकणाऱ्याला चनप्पाचे नाव ठाऊक असते. त्याचे घर त्या दिवसांत कसे चालले, हे निकालातून कळत नाही.

कोणी म्हणेल, हे युद्ध नव्हते, परक्या फौजेचा ताबा नव्हता. कायद्याच्या भाषेत हे खरे आहे. पण नेहमीची न्यायालये बाजूला सारून बंदूकधारी अधिकारीच नियम करतो आणि शिक्षाही देतो, तेव्हा नागरिकाच्या दृष्टीने फरक फारसा उरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पंच्याण्णव वर्षे उलटली, साक्षीदार गेले, आता उरल्या त्या ऐकीव गोष्टी. मान्य. ऐकीव गोष्टीवरून मृतांचा आकडा ठरवू नये, सरकारी आकडे आणि लोकांच्या तोंडचे आकडे तेव्हाही जुळत नव्हते. पण घराघरांत कोणती भीती पुढच्या पिढीला सांगितली गेली आणि कशाबद्दल मौन पाळले गेले, याचा तीच ऐकीव गोष्ट चांगला पुरावा असते. अट एकच : कोणी, कोणाकडून, केव्हा ऐकले हे सोबत लिहिले पाहिजे. मारल्या गेलेल्या पोलिसांच्या घरची बाजूही त्यात आली पाहिजे. ती वगळून लिहिलेला इतिहास हुतात्म्यांना मोठे करत नाही, उलट त्यांच्यावरच्या खुनाच्या खटल्याचे सत्य तपासणे अवघड करून ठेवतो.

हे काम मराठीत तेवढे करून भागणार नाही. गिरण्यांमध्ये तेलुगू, कन्नड, दखनी बोलणारी माणसे खपत होती. त्यांच्या नातवंडांनी ज्या बोलीत ऐकले त्याच बोलीत ते लिहून घ्यावे, मराठी भाषांतर मागाहून करता येईल. सात रस्ता असो, साखर पेठ असो की रेल्वे लाइन्स, ज्यांच्या घरात मार्शल लॉची एखादी आठवण, पावती, नोटीस किंवा तुरुंगातले पत्र असेल, त्यांनी या दिवाळीत घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून ते उतरवून काढावे आणि एक प्रत हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या सार्वजनिक ठिकाणी द्यावी.