खिडकीपलीकडचा डोंगर

तळवडे हे इंद्रायणीकाठचं गाव. नदीच्या वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी. मध्ये आयटी पार्क, लघुउद्योगांच्या शेड आणि निगडीहून चाकणकडे सरकणारी कंटेनरची रांग. मराठी मनानं मरणाविषयी जो खोल विचार केला, त्याची दोन मोठी ठाणी या गावाच्या दोन बाजूंना आहेत. तरीही याच पट्ट्यातल्या एखाद्या घरात कर्करोग शेवटच्या टप्प्याला पोचतो, डॉक्टर ‘आता घरी न्या, सेवा करा’ म्हणतात, तेव्हा भेटायला येणारे त्या सगळ्या विचाराचा एका दमात निकाल लावतात: देवाचं नाव घ्या, मोकळ्या हवेत बसा, मन शांत ठेवा. सल्ला वाईट नाही. पण त्यात शांती ही रुग्णानं एकट्यानं पार पाडायची कामगिरी ठरते. निसर्ग आणि श्रद्धा मरणाच्या दारात आधार देतात, हे मला मान्य आहे. मात्र ती गोळी नव्हे, कुणी आणून द्यावी आणि रुग्णानं गिळावी. तो आधार नात्यातून येतो, आणि नातं जागं राहायला आधी दुखणं आवरावं लागतं.

1296 मध्ये आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत जाणारा शांत आहे, मागे राहणारे नाहीत. निवृत्तिनाथांचा बांध फुटतो, संतमंडळी रडतात, खुद्द देवाला गहिवर येतो. शांत मरणाचा सर्वोच्च दाखला सांगतानाही परंपरेनं शोक झाकून ठेवला नाही. सुमारे सव्वातीनशे वर्षांनंतरची देहूची गोष्ट तर अधिक खडबडीत. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात तुकारामांची पहिली पत्नी आणि मुलगा गेले. मग भामचंद्र आणि भंडारा हे डोंगर त्यांचं एकांताचं ठिकाण झाले. ती काही हवापालट नव्हती. झाडावेलींना, पाखरांना गणगोत मानणारा त्यांचा अभंग आपण शाळेत निसर्गकविता म्हणून वाचतो आणि त्यामागची पडझड वगळतो. घर निम्मं रिकामं झालेल्या माणसानं रानापर्यंत गोत वाढवलं, असा तो वाचला तर त्यातलं ‘नातं’ सुशोभित राहत नाही, गरजेचं होतं. आणि विठ्ठलाशी त्यांचं नातं कसं? भांडणाचं, उलटतपासणीचं, प्रसंगी शिव्या घालण्याचं. श्रद्धा म्हणजे निमूटपणा, हे समीकरण त्यांच्या गाथेत कुठेच बसत नाही.

पण हाडांत उतरलेल्या कर्करोगापुढे डोंगर आणि नाम दोन्ही थिटे पडतात, हेही कबूल करायला हवं. ही उणीव भरून काढणारा विचार लंडनमध्ये वाढला. सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका, मग समाजसेविका, शेवटी डॉक्टर झाल्या. 1948 मध्ये डेव्हिड टास्मा हा पोलिश ज्यू निर्वासित कर्करोगानं गेला. सॉन्डर्स यांच्या मनात आकार घेणाऱ्या घरात आपण एक खिडकी व्हावं, म्हणून त्यानं पाचशे पौंड मागे ठेवले. मरणपंथाला लागलेल्यांसाठीचं ते घर, सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, 1967 मध्ये उघडलं. सॉन्डर्स निष्ठावंत ख्रिस्ती होत्या, तरी त्यांचा आग्रह प्रार्थनेपासून सुरू झाला नाही. दुखणं उसळण्याची वाट न पाहता मॉर्फिन ठरल्या वेळी द्या, हा तो आग्रह. शरीराची कळ, मनाची भीती, घराची काळजी आणि ‘हे माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्न ही एकच गाठ आहे, असं त्या मांडत. 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला भारतातलं पहिलं हॉस्पिस निघालं, त्याचं नाव ‘शांती अवेदना’. शांतीच्या लगेच शेजारी अवेदना! इतकी नेमकी व्याख्या मला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातही दिसलेली नाही. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून अशी सेवा विनामूल्य देतं. मात्र 1985च्या अमली पदार्थ कायद्यानं मॉर्फिन मिळणं इतकं जिकिरीचं केलं, की डॉक्टर ते लिहून द्यायलाच कचरू लागले; कायद्यात सुधारणा व्हायला 2014 उजाडलं. त्या एकोणतीस वर्षांत कितीजणांना नुसतंच ‘नाम घ्या’ सांगितलं गेलं असेल!

शास्त्रीय पुरावा काय म्हणतो? रॉजर उलरिक यांचा 1984चा अभ्यास नेहमी पुढे केला जातो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. निष्कर्ष सुखद आहे, पण रुग्ण अवघे 46 होते आणि ते बरे होणारे होते. मरणाऱ्या माणसासाठी झाड काय करतं, याचं उत्तर त्यात नाही. श्रद्धेबाबतचा पुरावा तर चक्रावणारा. अमेरिकेत 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बळावलेल्या कर्करोगाच्या 345 रुग्णांच्या अभ्यासात देवाचा आधार जास्त घेणाऱ्यांनी शेवटच्या आठवड्यात कृत्रिम श्वसनयंत्र उलट अधिक प्रमाणात स्वीकारलेलं दिसलं. म्हणजे श्रद्धा माणसाला स्वीकाराकडेच नेते असं नाही. चमत्काराची वाट पाहायलाही लावते. यावरून कुणी श्रद्धा फोल ठरवील, तर ती घाई होईल. चमत्कार मागणारी श्रद्धा आणि सोबत मागणारी श्रद्धा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढंच मला त्यातून दिसतं.

यावर विनोबांचं उदाहरण हमखास दिलं जातं. नोव्हेंबर 1982 मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर पवनारला, धाम नदीकाठी, त्यांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारलं आणि 15 तारखेला देह ठेवला. उदाहरण थोर आहे, पण विनोबा 87 वर्षांचे होते, मागे संसार नव्हता, भोवती अख्खा आश्रम होता. चाकणच्या कारखान्यातल्या, घराचे हप्ते चालू असलेल्या चाळिशीच्या कामगारापुढे ते आदर्श म्हणून ठेवणं निर्दयपणाचं आहे. त्याला संताप येणं ही श्रद्धेची कमतरता नव्हे. देहूच्या वाण्याला तो कमी आला होता का?

आधार देणारं नातं माणसांपुरतं नसतं, डोंगराशी आणि नदीशीही असतं. ‘पण मरणाऱ्याला नदीच्या प्रदूषणाचं काय?’ असं कुणी विचारील. नातं मानलं, तर त्याचं उत्तर सोपं आहे. 2008 मध्ये भामचंद्राजवळ शिंदे-वासुली परिसरात डाऊ केमिकलच्या संशोधन केंद्राविरुद्ध वारकरी उठले. त्या आंदोलनात जाळपोळही झाली, तिचं समर्थन करता येणार नाही. पण प्रकल्प अखेर गुंडाळावा लागला. डोंगर त्यांना देखावा वाटला असता, तर कुणी उठलं नसतं. इंद्रायणी मात्र आपल्याला वाचवता आली नाही. आळंदीच्या घाटाशी कित्येकदा पांढरा फेस तरंगतो. माणूस जाताना तोंडात तुळशीपत्र आणि पाणी घालायची आपली रीत आहे. नदीकाठच्या या घरांतही ते पाणी आता गंगेच्या सीलबंद गडूतलं घ्यावं लागतं. दारातली नदी त्या कामाची राहिलेली नाही.