स्मृती, आत्मा आणि पितृऋण

अल्झायमर हा मेंदूतील पेशी हळूहळू नष्ट करणारा आजार स्मृतिभ्रंशाचे सर्वाधिक आढळणारे कारण असून, 1906 मध्ये आलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्याने एका मृत रुग्णेच्या मेंदूतील प्रथिनांचे साठे आणि तंतूंचे गुंते यांचे वर्णन केले, त्यावरून त्याला हे नाव मिळाले. नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाला बहुधा आरंभीच इजा होते, म्हणून अलीकडचे आधी पुसले जाते आणि जुने उशिरापर्यंत टिकते. 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडको या शासकीय महामंडळाने वसवलेल्या नवी मुंबईत या क्रमाला वेगळी धार येते. उतारवयात वाशी-नेरूळला मुलांकडे राहायला आलेल्या वृद्धाला सेक्टरचा क्रमांक आठवत नाही, पण गावची पायवाट आठवते, आणि राहत्या घरातच तो ‘घरी न्या’ असा आग्रह धरतो.

अशा वेळी ‘आता ते पूर्वीचे राहिले नाहीत’ असे सहज म्हटले जाते, त्यामागे स्मृती म्हणजेच व्यक्ती हे गृहीतक असते. सतराव्या शतकात जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने व्यक्तीचे एकत्व अशाच स्मरणाधारित जाणिवेवर उभे केले. न्यायदर्शनात मात्र प्रत्यभिज्ञा, म्हणजे ‘पूर्वी पाहिले तेच हे’ ही ओळख, आत्म्याचे अनुमान करून देणारे गमक आहे, आत्मा नव्हे. धूर हे अग्नीचे गमक असले, तरी तो दिसेनासा झाल्याने अग्नी विझला असे सिद्ध होत नाही. शिवाय न्यायसूत्रांनी आत्म्याची जी लिंगे, म्हणजे ओळखखुणा, एकत्र सांगितली आहेत, त्यांत इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान यांचा समावेश आहे. नावे विसरलेल्या रुग्णातही भीती, ओढ, नकार आणि स्पर्शाने लाभणारा धीर बराच काळ दिसतात, तेव्हा त्याला ‘उरलेला देह’ समजणे या कसोटीवरही टिकत नाही.

मात्र आत्मा अविकारी आहे, एवढ्या समाधानावर शुश्रूषेचा प्रश्न सुटत नाही, कारण भय वाटते ते याच जन्मातल्या, याच खोलीतल्या माणसाला. आपल्याला ओळखत नसलेल्या पित्याचे ऋण उरते काय, या शंकेचे उत्तर श्राद्धविधीत सापडते: तेथे पिता, पितामह आणि प्रपितामह यांची नावे कर्ता उच्चारतो, आणि त्यांनी आपल्याला ओळखल्याची खूण मागत नाही. दिवंगतांच्या बाबतीत जे कर्तव्य परस्पर ओळखीवर अवलंबून ठेवले गेले नाही, ते जिवंत पित्याच्या बाबतीत तिच्यावर अवलंबून ठेवण्यास आधार उरत नाही.