जामीनदार

माणसानं स्वतःला दिलेला शब्द हा शब्द असतो की नसतो? असले प्रश्न थोरामोठ्यांना हिमालयात पडतात. मला तो पोहण्याच्या तलावाच्या काठावर, लोखंडी बारला लोंबकळत असताना पडला.

त्याचं असं झालं. मी पाठीला डबा बांधून पंचगंगेत पोहायला शिकलेला कोल्हापूरकर. तेव्हा पाण्यातलं मला कुणी काही शिकवायची गरज नाही, अशी माझी वयाच्या ४५ वर्षांपर्यंत ठाम समजूत होती. गेल्या उन्हाळ्यात सासुरवाडीच्या विहिरीत आमचे चिरंजीव गटांगळ्या खाऊ लागले. मी उडी टाकली, त्याला कडेला आणलं. इथपर्यंत अगदी सिनेमातल्यासारखं! पण पाणी खोल गेलेलं आणि शेवटची पायरी डोक्याच्या वर हातभर. एका हातात पोरगं, दुसऱ्या हातात पायरी. मी जोर लावला आणि जागचा हललो नाही. अखेर मेव्हण्यानं दोघांना ओढून काढलं. मेव्हण्याला पोहता येत नाही. त्यानं जन्मभर उसाच्या मोळ्या उचलल्या आहेत.

पाण्यात आपलं बहुतेक वजन पाणीच उचलतं. नुसता पोहणारा माणूस असा दुसऱ्याच्या जिवावर चैन करत असतो, हे काठ आल्यावर कळतं. शिवाय तिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात, आणि या खात्याचा उतारा कुणी घरी पाठवत नाही.

त्या रात्री मी स्वतःला शब्द दिला : रोज २५ जोर. चार दिवस पाळला. पाचव्या दिवशी वळवाचा पाऊस आला. पावसाचा आणि माजघरातल्या जोरांचा संबंध काय, हे मला अजून सांगता आलेलं नाही.

मग पैसे भरून कोच लावला. पंचविशीतला पोरगा, मला 'काका' म्हणतो आणि दयामाया दाखवत नाही. रबरी पट्टे ओढायचे, बैठका मारायच्या, बारला लटकून हनुवटी वर न्यायची. पाणी मागं खेचताना पाठीचे जे स्नायू लागतात तेच इथं लागतात, फक्त वजन उचलायला पाणी नसतं. तालमीत दोरावर चढवून वस्ताद हेच करून घ्यायचे.

सहा महिने झाले, एक दिवस चुकलो नाही. घोडं इथंच अडतं. पोटच्या पोरासाठी स्वतःला दिलेला शब्द चार दिवस टिकला, आणि परक्या पोराला दिलेला सहा महिने! बँकेत जामीनदाराची सही घेताना मी कर्जदाराकडे जरा चष्म्यावरूनच बघतो. आता माझ्याच शब्दाला जामीनदार!

"अरे, कोच वीरधवल खाडेलाही लागला," मित्रानं समजूत घातली. खरं आहे. आपला कोल्हापूरचा वीरधवल २००८ साली बीजिंग ऑलिंपिकला गेला, २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ घेऊन आला. पुढं तहसीलदार होऊनही पुन्हा पाण्यात उतरला, आणि २०१८ मध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं ब्राँझ सेकंदाच्या एक शतांशानं हुकलं. तसल्यांचे कोच तो शतांश शोधत असतात. माझा कोच, मी आलोय का, एवढंच बघतो.

परवा तो लग्नाला गेला. बारवर आठ मारून वहीत लिहायचे होते. पाचाला हात सुटले. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. मी आठ लिहिले. कॅशमध्ये दहा रुपये जुळेनात तर रात्रीपर्यंत बसणारा मी!

"काका, आठ मारलं न्हवं?" संध्याकाळी त्याचा फोन.

"मारलं की!"

जेवताना घास उतरेना. रात्री अकराला गुपचूप उठून गॅलरीतल्या पाइपला लटकलो. दिवा लागला.

"अहो, हे काय चाललंय?"

"थकबाकी," मी लोंबकळत म्हणालो, "तीन होती. झाली."

बायकोच्या मागून चिरंजीव डोळे चोळत म्हणाले, "बाबा, दोनच झाले."