घेणे आणि देणे

थोर लेखकाच्या घराचे चित्र आपण पाहतो ते बहुधा त्याचे वैभव पाहण्यासाठी. सर वॉल्टर स्कॉट या कादंबरीकाराने स्कॉटलंडात ट्वीड नदीकाठी ॲबटस्फर्ड नावाचे वाड्यासारखे घर बांधले. टर्नर हा विख्यात चित्रकार १८३१ साली तेथे राहून गेला. त्याची चित्रे पोलादी पत्र्यावर कोरून स्कॉटच्या काव्याच्या खंडांतून छापली गेली आणि ते घर वाचकांच्या घरोघर पोहोचले. कोरीव चित्रात मनोरे दिसतात, छपरे दिसतात. घरधन्याचे कर्ज मात्र दिसत नाही.

१८२६ च्या जानेवारीत स्कॉटचा प्रकाशक बुडाला आणि ज्या छापखान्यात त्याची भागी होती तोही बुडाला. लाख पौंडांहून अधिक देणे अंगावर आले. घर तर आदल्याच वर्षी मुलाच्या लग्नात त्याच्या नावे झालेले. दिवाळे काढून मोकळे होण्याची वाट कायद्याने उघडी होती. चौपन्न वर्षांच्या स्कॉटने ती नाकारली आणि लेखणीने देणे फेडायला घेतले. १८३० साली धनकोंनीच त्याचे ग्रंथ व सामान त्याला भेट म्हणून परत दिले. १८३२ साली तो वारला. उरलेले देणे पुढे त्याच्या पुस्तकांच्या हक्कांतून फिटले.

आमच्या महाळुंग्याच्या परिसरात भामचंद्राचा डोंगर आहे आणि पलीकडे देहू. तुकोबांच्या घराचे असे कोरीव चित्र आपल्यापाशी नाही. पण कर्जाची एक गोष्ट आहे. दुष्काळानंतर तुकोबांनी घरातली कर्जखते काढली, निम्मी धाकट्या कान्होबाला दिली आणि आपली निम्मी इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते.

एकाने कर्ज फेडले म्हणून तो मोठा, दुसऱ्याने बुडवले म्हणून तोही मोठा, हे कसे? कर्ज बुडवणारा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे देणेकरी येतो. तुकोबा घेणेकरी होते. त्यांनी बुडवले ते स्वतःचे येणे. कान्होबाच्या निम्म्याला त्यांनी हात लावला नाही. दुसऱ्याचा वाटा सोडून देण्यात औदार्य कसले? पण घरात जिजाईची चूल होती. तिला कोणी विचारले होते काय? या प्रश्नाचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

मला एवढे कळते: येणे सोडण्याचा अधिकार ज्याचे येणे त्याचा, देणेकऱ्याने स्वतःच स्वतःला माफी देऊ नये. चाकणला कारखाने आले, जमिनींना भाव आला, आमच्या भागात टुमदार बंगले उठले. कोणाचे सुख मला खुपत नाही. परंतु पुष्कळ घरांच्या पायात बहिणीचे हक्कसोडपत्र असते. तिने ते मनापासून सोडले असेल तर ती तुकोबांच्या वाटेने गेली, तिला नमस्कार. "माहेर तुटेल" या भयाने तिने अंगठा उठवला असेल, तर ते येणे इंद्रायणीत पडलेले नाही. भावाच्या खात्यावर उभेच आहे.

लक्ष्मीपूजनाला वही पुजताना हे पान उघडावे. दोन दिवसांनी ती तबक घेऊन ओवाळायला येईल. त्या तबकात साडी पडेल, नोटही पडेल. पण ओवाळणी म्हणजे वाटा नव्हे.