घाटावरचा अंगठा

कोलकात्यास बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच थंडीत कोणीतरी प्रिन्सेप घाटावर नेतो. आम्हांसही नेले. ब्राह्मी लिपीचे कोडे उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपच्या स्मरणार्थ १८४३ साली उभारलेला तो पांढरा स्तंभमंडप देखणा आहे, यात वाद नाही. पूर्वी बडे साहेब येथूनच नौकेत चढत-उतरत. पुढे भराव पडला, मधून आगगाडीचे रूळ गेले आणि नदी मंडपापासून दूर राहिली.

आमचे मन गुंतले ते मात्र दक्षिणेकडील, पाहुण्यांना सहसा न दाखविल्या जाणाऱ्या दुसऱ्या घाटात. गार्डन रीचच्या वर्दळीत सुरीनाम घाट आहे. १८७३ साली ‘लल्ला रूख’ हे जहाज कोलकात्याहून मजूर घेऊन डच सुरीनामला गेले. १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार माणसे त्या वाटेने गेली. करार पाच वर्षांचा. त्या ‘ॲग्रिमेंट’चेच लोकांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. सुरीनाम म्हणजे ‘श्रीराम टापू’ अशी भरती करणारे दलाल थाप मारीत, असे सांगतात. २०१५ साली येथे ‘माई-बाप’ हे शिल्प बसविण्यात आले: गाठोडे घेऊन निघालेले एक जोडपे, एवढेच. प्रिन्सेपसाठी सबंध मंडप. येथे नाव कोणाचेच नाही.

परंतु आम्हांस अस्वस्थ केले ते दलालांनी नव्हे. लबाड माणसाविषयी विचार करण्यासारखे फार थोडे असते. प्रश्न आहे तो प्रामाणिक माणसाचा. १८८३ च्या कायद्याने मजुराला नोंदणी अधिकाऱ्यापुढे उभे करणे बंधनकारक होते. करार त्याला समजला आहे ना, तो राजीखुशीने जात आहे ना, हे विचारल्याविना नोंद होत नसे. अधिकारी विचारी, मजूर मान डोलावी, अंगठा उठे. कागद निर्दोष. ज्याने समुद्र कधी पाहिला नाही, त्याने समुद्रापलीकडच्या पाच वर्षांना दिलेल्या होकाराची किंमत काय, हे विचारण्यासाठी नमुन्यात रकाना नव्हता. मग त्या अधिकाऱ्याने आपले कर्तव्य केले की नाही?

आमच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१२ साली केंद्रीय विधिमंडळात ही पद्धत बंद करण्याचा ठराव आणला, तो सरकारी सदस्यांच्या बहुमताने फेटाळला गेला. भरती थांबली ती १९१७ साली. ठरावाविरुद्ध मत देणारे सगळेच काही दुष्ट नसतील. पुष्कळांचे कागद ठीक असतील. सुरीनामात त्या मजुरांच्या नातवंडा-पतवंडांनी नाव काढले, हे खरे. पण त्याचे श्रेय त्यांच्या हाडांना आहे, नोंदवहीला नव्हे.

आणि हे लिहिताना आम्ही काठावर उभे आहोत, असे कोणी समजू नये. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका प्रांतात, भूसंपादनाच्या कागदावर एका वृद्ध बाईंचा अंगठा आम्ही स्वतः घेतला. मजकूर वाचून दाखविला, तो कचेरीच्या हिंदीत; त्यांची बोली निराळी होती. “समजले ना, माताजी?” असे आम्ही विचारले. त्या हसल्या. आम्ही त्यास होकार धरले, शाई पुसायला त्यांना चिंधी दिली आणि पुढचे नाव पुकारले.