उसने डोळे

अकोल्याच्या अकोट फैलात माझ्या मामूंचे शिवणकामाचे दुकान होते. शेरवानीपासून शाळेच्या गणवेशापर्यंत सगळे ते शिवत. चाळिशी गाठता गाठता दिवेलागणीनंतर त्यांची पावले अडखळू लागली. रातांधळेपणा असेल म्हणून गाजर, पपई, माशाचे तेल सगळे झाले. मग बाजूचे दिसेनासे झाले. समोर धरलेली सुई दिसे, पण शेजारी उभे असलेले गिऱ्हाईक दिसत नसे. लोकांना वाटे, मास्टर शिष्ट झाले.

2014 साली मी त्यांना नागपूरच्या एका रुग्णालयात घेऊन गेले. मी अमरावतीला शिक्षिका. घरात इंग्रजी वाचता येणारी मीच, म्हणून अशा कामाचा मान माझ्याकडे. तपासण्या झाल्या, छापील अहवाल हातात आला. परतीच्या बसमध्ये मामूंनी विचारले, "बेटा, क्या लिखा है?" मी वाचून दाखवले. रोगाचे नाव सांगितले : रेटिनायटिस पिगमेंटोजा. डोळ्याच्या आतल्या पडद्यातील पेशी हळूहळू मरत जातात, हेही सांगितले. शेवटच्या तीन ओळी मात्र वाचल्या नाहीत. त्यात होते की, यावर उपचार नाही, नजर कमी होत जाईल. रुग्णाने अपंगत्वाचा दाखला काढून पुनर्वसन केंद्राचा सल्ला घ्यावा. आणि आजार आनुवंशिक असू शकतो म्हणून घरातल्या इतरांनीही तपासून घ्यावे. मी कागदाची घडी घातली आणि म्हटले, "औषध दिले आहे, बघू या." हे मी दयेपोटी केले, असे पुढे कित्येक वर्षे स्वतःला सांगत राहिले.

त्या वर्षांत मामू हैदराबादला जाऊन आले, वैद्य झाले, हकीम झाले, तावीज झाले. दुकान विकले गेले. 2016 साली मामूंच्या मुलीचा निकाह माझ्या धाकट्या भावाशी झाला. आपल्याकडे आतेभाऊ-मामेबहिणीत लग्न होणे म्हणजे घरातले घरातच राहिले, असे समाधान असते. मामूंचे आईवडीलही सख्खे चुलत भावंडे होते. वलीम्याच्या पंगतीत मी वाढत होते आणि त्या तीन ओळी माझ्या पर्समध्ये नसल्या तरी डोक्यात होत्या. मी बोलले नाही.

2023 मध्ये मामूंच्या नातीने त्यांच्या फोनवर एक अ‍ॅप घातले. फोन कागदावर धरला की तो वाचून दाखवतो. तिने सहज म्हणून जुनी फाईल काढली. फोनने अहवाल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. पुढच्या ईदला मी गेले, तेव्हा मामू शांतपणे म्हणाले, "बेटा, तूने उस दिन आधाच पढा था ना?"

आवाजात राग नव्हता. त्यामुळे तो प्रश्न मला अजून सोडत नाही. ज्याला दिसत नाही त्याला आपण आपले डोळे उसने देतो, तेव्हा काय सांगायचे आणि काय नाही हे ठरवण्याचा हक आपल्याला मिळतो का?

आता ही उसनवारी माणसांकडून यंत्रांकडे चालली आहे. 2017 साली मायक्रोसॉफ्टने 'सीइंग एआय' हे अ‍ॅप आणले. त्यामागचा अभियंता साकिब शेख हा स्वतः लहानपणी दृष्टी गमावलेला माणूस आहे. नोट ओळखून किंमत सांगणारे 'मनी' अ‍ॅप रिझर्व्ह बँकेने 2020 च्या पहिल्या दिवशी सुरू केले. त्यापुढची पायरी म्हणजे कॅमेऱ्याचे चष्मे. पूर्ण अंध माणसाला यातला बोलणारा प्रकार उपयोगी. पण मामूंसारखे लोक पूर्ण अंध नसतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अंधत्व आणि अल्पदृष्टी हे वेगळे मानले आहेत. चाळीस अंशांहून कमी आणि दहा अंशांपर्यंतचा दृष्टीचा घेर म्हणजे अल्पदृष्टी. अशी माणसे नळीतून पाहावे तसे जग पाहतात. त्यांच्यासाठी चष्मा समोरचे दृश्य टिपतो, ते मोठे किंवा लहान करतो, काळे-पांढरे उजळ करतो आणि दाराची चौकट, पायरी, खुर्ची यांच्या कडा चमकत्या रेषांनी आखून उरलेल्या नजरेपुढे ठेवतो. खरे दृश्य तिथेच असते, त्यावर मदतीचा एक थर चढतो. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात 2019 साली मामूंच्याच आजाराच्या रुग्णांवर असा प्रयोग झाला. जवळ-दूरच्या वस्तूंवर वेगवेगळे रंग चढवल्यावर रुग्ण अडथळे चांगले चुकवू लागले.

गेल्या वर्षी भावाने ओळखीतून असा एक चष्मा आठ दिवसांसाठी आणला. मगरिबनंतर मामू गल्लीत निघाले. ओटा, उभी सायकल, नालीची कड सगळे त्यांनी चुकवले. मामींच्या डोळ्यांत पाणी आले. तेवढ्यात कपडे वाळवायची तार मामूंच्या कपाळाला लागली. बारीक तार चष्म्याने आखलीच नव्हती. मामू कपाळ चोळत हसले आणि म्हणाले, "ये क्या क्या नहीं दिखाता, वो कोई बताता है क्या?"

मला वाटते, या विषयावर इतक्या नेमकेपणाने कोणी बोलले नसेल. यंत्रही निवड करते. कोणती वस्तू अडथळा आणि कोणती नाही, हे दूर कुठेतरी कोणीतरी ठरवलेले असते. चित्र पाहून वर्णन सांगणारी नवी अ‍ॅप्स कधी कधी नसलेली गोष्टही ठामपणे सांगतात. फरक इतकाच की यंत्र दयेपोटी लपवत नाही. पण मार खाणाऱ्याच्या कपाळाला कारणाशी काय देणेघेणे?

आणखी एक गोष्ट. अमेरिकेत 'आर्गस 2' नावाचा कृत्रिम पडदा याच आजाराच्या माणसांच्या डोळ्यांत बसवला गेला. तिथे त्याला 2013 साली मान्यता मिळाली आणि जगभर साडेतीनशेहून अधिक लोकांनी तो घेतला. काही वर्षांत कंपनी डबघाईला आली, दुरुस्ती थांबली आणि माणसांच्या डोळ्यांत बंद पडलेली यंत्रे उरली. परदेशी बनावटीच्या बहुतेक चष्म्यांची किंमत लाखाच्या पुढे. उसने डोळे देणारा कधी दुकान बंद करील, याचा भरवसा नाही.

मग माणूसच बरा, असे म्हणून मोकळे होता येत नाही. माझेच उदाहरण समोर आहे. सुनेकडून पासबुक वाचून घेताना, मुलाकडून भावाचे पत्र वाचून घेताना माणसाची झाकली मूठ उघडी पडते. स्वतःचा कागद स्वतः ऐकण्याचा हक मामूंना त्या फोनने दिला. तो लहान नाही.

आपल्या वऱ्हाडात उसन्या डोळ्यांची मोठी परंपरा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज तान्हेपणीच अंध झाले. 1915 साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले, तोवर शंभरावर ग्रंथ त्यांच्या नावावर होते. लोकांनी वाचावे, त्यांनी ऐकावे. त्यांनी सांगावे, लोकांनी लिहावे. वाचणाऱ्याने मधली पाने गाळली असती, तर? परतवाड्याजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी वाढवलेली अंध मुलगी माला अमरावतीत शिकली आणि 2024 साली राज्य लोकसेवा आयोगाची लिपिकपदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. तिला कोणी दयेने अर्धे पुस्तक वाचून दाखवले नसणार.

अंध सहाबी अब्दुल्ला इब्न उम्मे मक्तूम यांची एक गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ते विचारायला आले आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले, याबद्दल कुरआनात समज दिली गेली. दुसरी गोष्ट तितकी सांगितली जात नाही. मदिनेत रमजानमध्ये पहाटेची अजान ते देत. त्या अजानवर सगळ्या शहराचे खाणेपिणे थांबे. आणि देणाऱ्याला उजाडलेले दिसत नसे! 'सकाळ झाली' असे लोक सांगत, तेव्हा ते अजान देत. एका माणसाने दयेने किंवा आळसाने खोटे सांगितले असते, तर शहराचा रोजा बिघडला असता. तिथे परावलंबन ही लाज नव्हती, कारण सांगणारे खरे सांगत होते.

म्हणून मला वाटते, दृष्टी उसनी देणे ही खैरात नाही, अमानत आहे. अमानत ठेवणारा तिच्यातून निवडून परत देत नाही. वाईट बातमी हळू सांगता येते, वेळ पाहून सांगता येते. पण राहिलेले सांगायचे आहे, एवढे तरी सांगितलेच पाहिजे. चष्मा बनवणाऱ्यालाही हेच लागू. बारीक तार दिसत नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे. माणूस मग काठी सोबत ठेवील.

माझ्या गप्प राहण्याची किंमत मोजायची तर अशी : दाखल्याविना गेलेली नऊ वर्षे, न मिळालेली एसटीची सवलत, काठीने चालायला वेळेवर न शिकलेला एक माणूस. आणि एक निकाह, जो कदाचित झालाही असता, पण डोळे उघडे ठेवून झाला असता. जवळच्या नात्यात असा आजार मुलांत उतरण्याची शक्यता वाढते. शक्यता म्हणजे खात्री नव्हे. पण ती तोलून पाहण्याचा हक त्या दोघांचा होता, माझा नव्हता.

भावाचा मुलगा आता सात वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात मी भावाला आणि भावजयीला बसवून सगळे सांगितले. भावजय बराच वेळ बोलली नाही. मग तिने विचारले, "आपा, अजून काही राहिले आहे का?" मी फाईल तिच्या हातात दिली. येत्या आठवड्यात मुलाला तपासायला घेऊन जायचे आहे. मामूही येणार आहेत. अहवाल आला की तो मोठ्याने वाचायचा, शेवटच्या ओळीपर्यंत, असे ठरले आहे.