गोळी आणि विटाळ

सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या ‘माला-एन’च्या पाकिटात 28 गोळ्या असतात, त्यांपैकी 21 संप्रेरकांच्या, उरलेल्या 7 केवळ लोहाच्या. या सात दिवसांत पाळी येते, असे ते पाकीट वापरणाऱ्या बायका म्हणतात. परंतु शरीरशास्त्राच्या दृष्टीने ती पाळी नव्हेच. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन ही दोन द्रव्ये मस्तकातील पीयूषिका ग्रंथीकडून बीजकोशाला जाणारा हुकूमच अडवून धरतात, त्यामुळे बीज सुटत नाही. गर्भाशयाच्या मुखातील स्राव घट्ट होऊन पुरुषबीजाची वाट अडते, आतील अस्तर पातळ राहते, आणि संप्रेरकांचा पुरवठा थांबला की तेच पातळ अस्तर गळून पडते, एवढाच त्या रक्ताचा अर्थ. गोळी न चुकता घेतली तर वर्षभरात शंभरांत एकीलाही क्वचितच दिवस जातात. माणसे विसरतात तशी विसरत घेतली, तर सुमारे सातजणींना.

हा विराम निसर्गाने नेमलेला नाही. 1950 नंतरच्या दशकात अमेरिकेत ग्रेगरी पिंकस व डॉ. जॉन रॉक यांनी गोळीचे प्रयोग चालवले, तेव्हा 20 दिवस गोळी देऊन मग थांबण्याची तजवीज त्यांनी जाणूनबुजून केली, हेतू हा की दरमहा रक्त दिसून स्त्रीचे मन निर्धास्त राहावे. रॉक हे निष्ठावंत कॅथलिक. स्त्रीच्या स्वाभाविक वंध्यकालाचा आश्रय घेण्याची मुभा पोप बारावे पायस यांनी 1951 मध्ये दाम्पत्यांना दिलीच होती; गोळी त्या वंध्यकालाची मुदत तेवढी वाढवते, असे रॉक यांचे म्हणणे. पोपनियुक्त मंडळाचे बहुमत अनुकूल असतानाही 1968 च्या जुलैत सहावे पॉल यांनी ‘ह्युमाने व्हिटे’ या परिपत्रकाने निवाडा विरुद्ध दिला. तो मला पटत नाही. पण रॉक यांच्या युक्तिवादातही खोट आहेच, कारण दिवस मोजून थांबणारा निसर्गाची वाट पाहतो, आणि गोळी निसर्गालाच ताटकळत ठेवते.

आमच्याकडे हा वाद मागल्या दाराने आला. गौरी जवळ आल्या की औषधांच्या दुकानात पाळी पुढे ढकलण्याच्या, म्हणजे नॉरएथिस्टेरॉनच्या, गोळ्यांची विचारणा सुरू होते. (या गोळ्यांवर गर्भ टाळण्यासाठी विसंबता येत नाही, हे पुष्कळजणींच्या गावीही नसते.) देवकार्यासाठी देहधर्मात केलेली ही ढवळाढवळ धर्माला चालते कशी, असे येथे कोणी विचारत नाही, आणि विटाळ जर तीन वेळच्या गोळीने आठवडाभर लांबत असेल, तर त्याची सत्ता देवघरापेक्षा औषधाच्या कपाटात अधिक आहे, हेही कोणी बोलून दाखवत नाही. संत चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंनी मात्र विटाळाची उलटतपासणी चौदाव्या शतकातच घेतली होती.

आमच्या आत्याबाई सोवळ्याच्या मोठ्या कडक. एका गौरीपूजनाच्या दिवशी त्यांची सून मागच्या खोलीत बाजूला बसली होती आणि कोनाड्यात तिचे पाकीट पडले होते. मी त्यांना लोहाच्या गोळ्या दाखवून हे सारे समजावले. त्यांनी उरलेल्या गोळ्या बोटाने मोजल्या.

“म्हणजे हे येतं ते नुसत्या गोळ्या थांबल्या म्हणून?”

“हो.”

पुरणाचे पातेले उतरवून त्या बराच वेळ चुलीकडे पाहत राहिल्या.

“हाक मार तिला, पुरण वाटायचं राहिलंय. आणि गुरुजींना यातलं काही सांगत बसू नकोस.”